येते म्हन

सोमवार, ४ ऑगस्ट
आले एकदाची बारामतीत! निमगाव केतकीपासून एसटीत उभ्यानं आले, पायांचे पार तुकडे पडले, पण खोली बघून सगळं विसरले. खिडकीत छान ऊन येतं, खालच्या गाड्यावरच्या भज्यांचा वास येतो. सोबत मनिषा आहे, नरसिंहपूरची, भलती बडबडी, माझ्याच वर्गातली. विषय सर्जनशील लेखन. आबांना अजून वाटतंय, पोरगी अक्षर सुधारायला चाललीय. आई मात्र गावभर सांगत सुटलीय, आमची संजीवनी पुस्तकं लिहिनार हाय. नको नको म्हणाले तरी तिनं पिशवीत शेतातली भेंडी कोंबलीच. आत्ताच तिची आठवण येतेय आणि डोळ्यांत पाणी. वेडाबाईच आहे मी!

बुधवार, ६ ऑगस्ट
नागेश सर प्रयोगशील लेखनतंत्रं शिकवतात. आज गृहपाठ दिला: रोजनिशी लिहायची, पण एक क्रियापद अजिबात वापरायचं नाही. सोपं निवडाल तर फुकट, म्हणाले, ज्याच्यावाचून अडेल असंच सोडा. मनिषानं 'नाचणे' सोडलं, लबाड कुठली! मी 'येणे' सोडलं. मराठीत सगळं येतंच की: झोप येते, राग येतो, रडू येतं, लिहिता येतं. सगळा वर्ग वळून माझ्याकडं बघायला लागला. मग मला आणखी चेव चढला, म्हटलं, बोलण्यातूनही सोडते. एवढं कशाला, असं सर म्हणाले, पण बोलले ते बोलले. आता तो शब्द बंद.

रविवार, १० ऑगस्ट
घरी जाऊन परतले. भरपूर हादडलं, डाळिंबाच्या बागेत हिंडले. घोळ झाला तो निघताना. घरातून निघताना 'जाते' म्हणायचं नसतं, माघारी फिरण्याचाच शब्द म्हणायचा असतो, आणि नेमका तोच मी टाकलेला. फाट्यावर एसटी हॉर्न मारत होती. मी हसत म्हणाले, जाते गं आई. तिचा चेहरा खर्रकन उतरला. असं म्हनू नगंस, माघारी फिर, उंबऱ्यातनं नीट म्हन, म्हणाली. आबासुद्धा म्हणाले, म्हन की पोरी, तुझं काय जातंय? अहो, अभ्यास आहे हा, असं ओरडत मी पळाले. वळून पाहिलं तर आई उंबऱ्यातच होती, तोंडाला पदर लावून. मला जरा वाईट वाटलं. पुढच्या खेपेला तिची समजूत काढीन.

बुधवार, १३ ऑगस्ट
रात्रभर डोळा लागला नाही. परवाही नाही, कालही नाही. थकवा म्हणाल तर तोही नाही. सकाळी मनिषानं मिरच्यांची फोडणी दिली, तिला ठसक्यावर ठसका, आणि मला वासच नाही. सर्दीही नाही. वर्गात एकीनं माझ्या कथेची टर उडवली. एरवी मी तिला फाडून खाल्लं असतं. राग — नाही. बसून राहिले.

शनिवार, १६ ऑगस्ट
मनिषा म्हणते, तू माझ्याकडं भिंतीकडं बघावं तशी बघतेस. फोनमधला आईचा फोटो काढून पाहिला. ओळखीची बाई. आत काही हललं नाही. घाबरायला हवं, एवढं कळतं. घाबरले नाही.
दुपारी आईचा फोन. तुझा आवाज बरा न्हाय, सोमवारच्या गाडीनं मीच तिकडं — असं म्हणाली. त्या जागी तेच क्रियापद असणार. मला नुसती फोनची खरखर ऐकू पडली.

सोमवार, १८ ऑगस्ट
स्टँडवर गेले. निमगावची गाडी लागली. माणसं उतरली. आई नाही. खिडकीजवळच्या सीटवर भेंडीची पिशवी, तिचीच. कंडक्टर म्हणाला, मावशी हितंच बसल्या व्हत्या की, मधी कुठंच उतरल्या न्हाईत. आबांना फोन केला. म्हणाले, मीच तिला खिडकीत बसवली, उशीर झाला म्हनून कुरकुरत व्हती. मग ते रडायला लागले. मी ऐकत राहिले.
खोलीवर जाऊन भेंडी चिरली.

मंगळवार, १९ ऑगस्ट
पोलिसांत नोंद केली. सरांना सगळं सांगितलं, उंबऱ्यातलंही. ते पांढरे पडले. म्हणाले, मोड तो नियम, आत्ताच्या आत्ता लिही, बोल. मनिषानं कागदावर तो शब्द लिहून दिला. कागद कोरा दिसतो. ती म्हणते, नाही, कोरा नाही गं —

गुरुवार, २१ ऑगस्ट
आई हवी. एवढं एक अजून कळतं. बाकी सगळं —
उंबऱ्यात म्हणायचा राहिला तोच शब्द आता आईला बोलावायला इथं लिहायचा. एकच शब्द. मनिषानं माझा हात धरलाय. पेन सरकतं. लिहिता —
आई, लवकर जा
नाही. हे नाही. खोडलं. मनिषा रडतेय.
आई, लवकर जा
नाही, आई, ते नाही, आई, तू लवकर