रविवारी बाबाला वाचून दाखवायचं वाक्य

बाई, उद्या रविवार आहे आणि मला उद्याची भीती वाटते आहे. तुम्ही असतात तर चष्म्यावरून बघत म्हणाला असतात, "कसली भीती ते आधी सांग, मग रड." म्हणून सांगते. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. गेलं वर्षभर ती शाळेत जात नाही, घरी मीच तिला शिकवते, आणि उद्या पोहे खाऊन झाले की तिचा बाबा तिला समोर बसवून वाचायला सांगणार आहे. वाचता आलं तर घरचं शिक्षण चालू, नाही आलं तर जूनपासून पुन्हा शाळा. हे त्याने वर्षापूर्वीच सांगितलं होतं आणि मीही हो म्हटलं होतं. तेव्हा वर्ष म्हणजे फार मोठं वाटलं होतं. आत्ता ती दोघं खाली बागेत सायकल फिरवायला गेलीत, तासाभरात येतील, आणि मी जेवणाच्या टेबलावर तिच्याच वहीचा कागद फाडून तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. तुम्ही आजारी होतात तेव्हा मी कॉलेजात होते, नेरूळहून बेलापूर काही लांब नाही, तरी भेटायला आले नाही. आता गरज पडली तर आठवण काढते आहे, हे मला कळतं.

शाळा मीच सोडवली. इंग्रजी माध्यमाची, इथे खारघरलाच, पिवळी बस सोसायटीच्या गेटपाशी यायची. तिसरीत तिचं रोज सकाळी पोट दुखायला लागलं, सोमवार ते शुक्रवारच. वर्गात वाचायला उभं केलं की ही चित्राकडे बघून मनानेच गोष्ट रचून सांगायची आणि मुलं हसायची. एक दिवस युनिफॉर्म घालून, बुटांसकट, ती पलंगाखाली जाऊन झोपली. डोळे तपासले, कान तपासले. तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या, मुलगी हुशार आहे, वाचनाला वेळ लागेल, घाई करू नका. घाई करू नका हे ऐकल्यापासून मला जी घाई सुटली आहे ती अजून थांबलेली नाही. ऐरोलीतली नोकरी सोडली. नवरा म्हणाला, "एक वर्ष बघू. पण इंग्लिश नाही आलं तर ती कुठे जाणार, सांग ना." मी घरी शिकवायचा तयार प्रोग्रॅम शोधायला लागले.

भाषा शिकवण्याला हल्ली लँग्वेज आर्ट्स म्हणतात, बाई. चौथीपर्यंत आपण एवढी कला करत होतो हे आपल्याला ठाऊकच नव्हतं. घरी शिकवणाऱ्या आयांचा फोनवर एक ग्रुप आहे, तिथे मी विचारलं कुठला प्रोग्रॅम घेऊ, आणि दोन दिवसांत डोक्याचा भुगा झाला. एकीचं म्हणणं, आधी नुसते अक्षरांचे आवाज, वर्षभर आवाजच, गोष्टींची पुस्तकं कपाटात बंद. दुसरीचं म्हणणं, आवाजबिवाज काही नको, मांडीवर घेऊन गोष्टी वाचा, मूल आपोआप वाचायला लागतं. तिसरी म्हणाली काहीच घेऊ नका, पण तिचा मुलगा पाचव्या वर्षीच पेपर वाचत होता, त्यामुळे तिच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. मी कोष्टक केलं, नोकरीत तेच करायचे. रकाने भरले, रंग दिले, आणि शेवटी जो सगळ्यात जाड होता तो घेतला. परदेशी होता. आईने काय बोलायचं तेसुद्धा त्यात छापलेलं. 'आता म्हणा: छान प्रयत्न. आता थांबा.' मला त्याचाच आधार वाटला, चुकायला जागाच नाही असं वाटलं. मार्केटात पोती उचलणाऱ्याची मी मुलगी, इंग्रजी पाचवीत भेटलं. माझ्या तोंडचं इंग्रजी लेकीला लागू नये अशी एक लाजही त्यात होती.

पुस्तकं मागवण्याआधी कॉम्प्युटरवर एक चाचणी असते, मूल कुठल्या पायरीवर आहे ते ठरवायला. पालकांनी मदत करू नये असं वर ठळक लिहिलं होतं. मी मदत केली नाही. मी फक्त शेजारी बसले. चुकीच्या उत्तराकडे तिचं बोट गेलं की घसा साफ करायचे, बरोबर उत्तराकडे गेलं की श्वास सोडायचे. तिसऱ्या प्रश्नापासून ती स्क्रीनकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. निकालात तिसरी पायरी आली. नवरा खूश झाला, म्हणाला, उगाच टेन्शन घेत होतो आपण. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. तिसऱ्या पायरीचे दोन खोके घरी आले. तिला पहिली पायरीही जड गेली असती.

याच गोष्टीसाठी तुम्ही मला एकदा उभं केलं होतंत. दुसरीचा वर्ग, महापालिकेची शाळा, माझ्या बाकावर सारसोळ्याच्या कोळीवाड्यातली एक मुलगी, तिच्या घरची होडी होती. ती वाचताना अडखळली की मी खाली मान घालून पुढचा शब्द पुटपुटायचे, आणि मला वाटायचं मी फार चांगली आहे. तुम्ही ऐकलंत. ओरडला नाहीत. म्हणालात, "तिच्या तोंडात घास तू घातलास. आता चावूनही तूच देणार?" मधल्या सुट्टीभर मी रडत होते. तुमची शिकवायची रीत माझ्या पूर्ण लक्षात आहे, तरी या वर्षी ती मला कितीतरी महिने सुचली नाही, कारण ती कुठल्या खोक्यात येत नाही. पहिलीपासूनच हजेरी झाली की रोज एकीने किंवा एकाने उभं राहून घरचं एक वाक्य सांगायचं आणि तुम्ही ते फळ्यावर लिहायचात, बोललं तसंच. मग ज्याचं त्याने पट्टी फिरवत ते वाचायचं, आणि आपलंच असल्यामुळे कुणी अडायचं नाही. माझ्या बाकावरची म्हणाली, "काल आमचे बाबानी जिताडा आनला," आणि तुम्ही ते माशाचं वाक्य तसंच लिहिलंत. हेडमास्तर दारात थांबून म्हणाले, निदान आणला तरी लिहा. तुम्ही मागे न वळता म्हणालात, आज तिचं वाक्य आहे सर, पुस्तकातलं उद्या लिहू. अट एकच होती, सांगितलेलं बदलायचं नाही, सांगणाऱ्यानेही नाही आणि लिहिणारीनेही नाही. एक मुलगी म्हणाली होती, काल आमच्याकडे भांडण झालं. तुम्ही खडू हातात धरून जराशा थांबलात आणि लिहिलंत. माझी पाळी आली तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "आमच्या अण्णांची पाठ लई दुखती." लगेच वाटलं, काहीतरी चांगलं सांगायला हवं होतं, सगळ्या वर्गाला आता कळणार. तोवर तुम्ही लिहून मोकळ्या. मी आयुष्यात वाचलेलं ते पहिलं वाक्य.

आणि माझ्या लेकीच्या पहिल्या धड्यात बर्फावरून घसरत जाणारी लाकडी गाडी होती. तिने विचारलं, आई, हे काय असतं? मी माझ्या गाइडमध्ये बघितलं, तिथे या प्रश्नाचं उत्तर छापलेलं नव्हतं. आम्ही रोज दोन तास बसायचो. मी म्हणायचे, छान प्रयत्न. मी थांबायचे. ती पानाकडे बघून गप्प बसायची, मग टेबलाखाली पाय हलवायची, मग तिचं पोट दुखायचं. नवरा वाईट माणूस नाही, तुम्हाला आवडला असता. आठवडाभर त्याला वेळ नसतो म्हणून रविवारी सकाळी तो तिची वर्कबुकं घेऊन बसायचा, एकेक पान उलटायचा आणि खाली छोटी सही करायचा. दिवाळीच्या आधीच्या एका शनिवारी आठवड्याची सगळी पानं कोरी होती. मी पेन्सिल डाव्या हातात धरली आणि दोन पानं भरली. डाव्या हाताची अक्षरं हुबेहूब मुलांसारखी येतात. पुढच्या शनिवारी चार. प्रत्येक पानावर मी एक चूक मुद्दाम ठेवायचे, म्हणजे ती त्याला सापडायची, तो तिला समजावून सांगायचा आणि दोघांचं बरं चालायचं. एकदा तो म्हणाला, "तू कमाल केलीस गं, मला वाटलं नव्हतं."

तुमची रीत आठवली ती पंधरा दिवसांपूर्वी. मी कणीक मळत होते आणि ती ओट्याशेजारी स्टुलावर बसून बडबडत होती, कारण बोलण्यात ती कधीच मागे नाही. दिवस मोजून माझा धीर सुटला होता. काहीतरी करायचं म्हणून हात पुसले, खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि म्हटलं, एक वाक्य सांग, मी लिहिते, जसं सांगशील तसं. ती म्हणाली, लिफ्टमधले काका कायम भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. मी मराठीत लिहिलं. शाळेत मराठीची अक्षरं तिने गिरवलेली, पण शब्द कधी लागला नव्हता. ती बोट ठेवत वाचत गेली. का-का, काका. भिंती-कडे. मधे थांबली, मी ओठ दाताखाली धरून उभी राहिले, बाई, घसा साफ केला नाही. तिने पूर्ण वाचलं. मग स्वतःच हसली आणि पुन्हा वाचलं. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. त्यानंतर रोज एक वाक्य. आजवर फ्रिजवर चौदा लावली, आणि चौदाही तिला येतात. इंग्रजीतलं एक पान अजून येत नाही, पण दारावरच्या पाट्या ती जाता येता वाचायला लागली आहे. हे सगळं मी नवऱ्याला सांगितलं नाही. फ्रिजवर काय आहे असं त्याने विचारलं तर म्हटलं, गंमत आहे, रविवारी कळेल. वर्कबुकची पानं मात्र भरतच राहिले, कारण ती मधेच कोरी कशी ठेवणार.

परवा गुरुवारी रोजच्या वाक्याला ती म्हणाली, "आई डाव्या हाताने माझं पुस्तक लिहिते." मला वाटत होतं ती तेव्हा टीव्ही बघत असते, आणि पानं कुणी भरली हे तिने कधी विचारलंही नव्हतं. तिच्या आवाजात चहाडी नव्हती, लिफ्टमधल्या काकांची बातमी दिली तशीच ही दिली. मी म्हटलं, दुसरं सांग ना, काहीतरी छान. ती म्हणाली, "तूच म्हणालीस, सांगू तसं लिहायचं." तुमचा खडू जरासा थांबला होता. माझं पेन किती वेळ थांबलं ते मला माहीत नाही. शेवटी लिहिलं. तिने ते कुठेही न अडता वाचलं, तोवरच्या सगळ्या वाक्यांत सफाईने, आणि म्हणाली, "रविवारी मी बाबाला हेच वाचून दाखवणार. हे मला एकदम फास्ट येतं."

म्हणजे उद्या तिने वर्कबुक उघडलं तर ती पहिल्याच ओळीला गप्प बसेल आणि तिची शाळा ठरलेली. आणि फ्रिजवरचं वाचलं तर तिला वाचता येतं हे त्याला कळेल, आणि त्याने इतके महिने कशावर सह्या केल्या तेही कळेल. आज सकाळी मी तो पुठ्ठा काढून घेतला. तिने शोधला. मी म्हटलं, केर काढताना मावशींनी टाकला असेल. तिने तेही खरं मानलं. म्हणाली, "मग परत लिहून दे, मला पाठ आहे." तो पुठ्ठा आत्ता या कागदाखालीच आहे.

लिफ्टचा आवाज आला, पण आमच्या मजल्यावर थांबली नाही. मी पुठ्ठा परत लावून येते, होता तिथेच, तिच्या उंचीवर. केरात सापडला म्हणून सांगणार नाही, मी काढला होता असंच सांगीन. त्याला मात्र आज काही सांगत नाही, उद्या तीच सांगेल, तिचा तो हक्क आहे. हे पत्र मी कुठे पाठवणार, तुमच्या बेलापूरच्या घरी आता कोण राहतं तेही मला माहीत नाही. घडी करून गाइडात ठेवीन. एक गोष्ट फक्त कुणालाच सांगता येणार नाही म्हणून तुम्हाला सांगते. वर्षभर रोज सकाळी दिवा लावताना मी एकच मागत आले, हिला वाचता येऊ दे. आज दिवा लावला तेव्हा मागितलं, उद्याच्या दिवस तिला वाचता नको येऊ दे.