पडद्याची साडी

सदूदादा,

आपण खलाशांच्या घरातली माणसं. युद्ध दुसऱ्यांचं आणि अडकतात आपली माणसं, हे तूच म्हणायचास. मग आखातात अडकलेल्या माणसांना मी हसवलं, तर तुझी मान खाली का गेली?

शेजारच्या जहाजावर क्षेपणास्त्र पडल्यापासून आमच्यात कुणी धड जेवत नव्हतं. मी युनियनचा वक्ता. तीन दिवस भाषणं केली. कुणी मान वर केली नाही. शेवटी केबिनचा पडदा काढून साडी नेसलो, कांद्याच्या गोणीची सुतळी गजऱ्यासारखी माळली आणि डेकवर शिमग्याच्या पालखीपुढची राधा होऊन नाचलो. आमचा दाभोळचा कुक हर्षद ओरडला, "राधाबाय, पदर सांभाळ गो, खाली ग्रीस हाय!" बावीस माणसं हसली. त्या दुपारी भाताचं पातेलं रिकामं झालं.

कुणीतरी काढलेला व्हिडिओ गावात पोचला. तो बघून तू फोनवर म्हणालास, "पालखीपुढे नाचणं वेगळं. आता गावात येऊ नको." दादा, चौदाव्या वर्षी राधेची साडी मला तूच नेसवलीस. इथे निऱ्या घालताना तुझेच हात आठवत होते.

त्यानंतर तू फोन उचलत नाहीस. संध्याकाळी सगळे घरी बोलतात, मी कठड्यापाशी उभा राहतो. आधीची दोन पत्रं फाडली. हे बहुधा उशीखालीच राहील.

तरी इथून सुटलो की शिमग्याला मी येणार. आधी अंगणाच्या गडग्याबाहेरूनच बघेन. राधेचे घुंगरू माळ्यावरून उतरव आणि ओटीवर दिसतील असे ठेव.

तुझा धाकटा,
सुहास