यजमानांचे गुण कमी करून मिळण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
वाचा तपासणी व प्रमाणपत्र विभाग,
पुनर्वसन कार्यालय, दुसरा मजला.

विषय : यजमानांना बोलण्याच्या चाचणीत मिळालेले गुण कमी करून मिळण्याबाबत.

संदर्भ : १) आपले 'बोलणे समजते' असे प्रमाणपत्र. २) माझे आधीचे तीन अर्ज.

महोदय,

विषय चुकून लिहिलेला नाही. गुण वाढवून मागणारे अर्ज आपल्याकडे ढिगाने येत असतील. मला कमी करून हवे आहेत.

१. माझे यजमान मालाच्या यार्डात खाली उभे राहून वायरलेसवर क्रेनचालकाला सूचना देत. उचल, थांब, डावीकडे घे, सोड. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, जीभ मात्र जड राहिली. डोके शाबूत आहे. हिशेब, विनोद, माझ्या माहेरावरचे टोमणे, सगळे जागच्या जागी आहे. फक्त बाहेर येताना शब्द एकमेकांत मिसळतात, आणि नवख्या माणसाला चारांतला एखादा कळतो.

२. आपल्या विभागातल्या बाई जिभेचे व्यायाम घेत, त्याने हळूहळू फरक पडत होता. मधून मधून चाचणी होई. यजमान ठरलेली वाक्ये वाचत, पडद्याआड बसलेला श्रोता ऐकू आले ते लिही, आणि जुळतील तेवढ्या शब्दांचे गुण. कार्यालयीन भाषेला श्रोते पुष्कळ, वाक्येही दरवेळी नवी. आमच्या घरच्या भाषेत वाक्यांचा संच एकच आणि श्रोताही एकच, म्हणजे आपले शिपाईभाऊ. कार्यालयीन भाषेत चाचणी द्या म्हणाल, तर ती यजमानांना आजाराआधीही धड येत नव्हती.

३. शिपाईभाऊ भला माणूस. यजमानांना जिना चढवतात, चहा पाजतात, गप्पा मारत बसतात. साहजिकच त्यांचा कान बसला. शिवाय वाक्ये तोंडपाठ. यजमान नुसते 'खि' म्हणाले की शिपाईभाऊंच्या कागदावर खिडकी उघडून वारासुद्धा आत येतो. शेवटच्या चाचणीत शंभरात चौऱ्याण्णव पडले. मी जाब विचारला तर बिचारे खाली बघून म्हणाले, "वहिनी, मला त्यांचं आता सगळंच कळतं. खोटं कसं लिहू?" या चौऱ्याण्णवांमुळे व्यायाम बंद झाले, प्रमाणपत्र परस्पर यार्डात गेले, आणि येत्या सोमवारी कामावर हजर व्हावे असा हुकूम आला.

४. यार्डातला क्रेनचालक म्हणजे माझ्या बहिणीचाच मुलगा. तो घरी आला. यजमान स्वयंपाकघरात, तो गॅलरीत, असे दोघे फोन कानाला लावून उभे राहिले आणि यजमानांनी नेहमीच्या सूचना दिल्या. थोड्या वेळाने त्याने फोन ठेवला आणि आत येऊन म्हणाला, "काका, राग मानू नका. तुम्ही थांब म्हणालात की सोड म्हणालात, ते मला वर कळलं नाही, तर खाली माणूस असतो." यजमानांनी राग मानला नाही. मान हलवली आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

५. माझ्या पहिल्या अर्जावर उत्तर आले की श्रोता प्रमाणित आहे. दुसऱ्यावर आले की पत्नीनेच 'मला सर्व समजते' असे लिहून दिले आहे. दिले आहे. इतका संसार झाल्यावर समजणार नाही तर काय? पण क्रेनवर मी नसते. तिसऱ्यावर आले की अनोळखी श्रोता आपणच आणावा. बसथांब्यावरून आमची भाषा बोलणारे एक गृहस्थ हातापाया पडून आणले. नंबर लागेपर्यंत दुपार झाली आणि बाकावर बसल्या बसल्या दोघांची गट्टी जमली. खिडकीवरच्या कारकुनांनी 'श्रोता परिचित' असा शेरा मारून आम्हाला परत पाठवले. शेरा खोटाही नव्हता. तोवर त्या गृहस्थांना निम्मेअधिक कळू लागले होते.

६. मी थकले आहे. अर्जात असे लिहायचे नसते, हे मला ठाऊक आहे. प्रत्येक खिडकीवर जाऊन मला सांगावे लागते की माझ्या नवऱ्याचे बोलणे कुणाला कळत नाही. ते शेजारी बसलेले असतात. ऐकण्यात त्यांना काहीच अडचण नाही.

७. आपण याच आठवड्यात रुजू झालात. आपली घरची भाषा आमचीच आहे, असे शिपाईभाऊंकडून कळले, आणि यजमानांना आपण एकदाही ऐकलेले नाही. अख्ख्या कार्यालयात असे आपण एकटेच. म्हणून हा अर्ज घेऊन यजमान एकटेच आत येत आहेत. मी बाहेर बाकावर आहे. त्यांना आपल्याला काही सांगायचे आहे. काय, ते मी विचारलेले नाही. मला कळले असते तर मी इथे लिहिले असते, आणि आपण वाचले असते तर आपल्याला ऐकूही आले असते.

कृपया एकदाच ऐकावे. पुन्हा म्हणायला लावू नये, यार्डात पुन्हा म्हणायला वेळ नसतो. जेवढे कळेल तेवढे खालच्या जागेत लिहावे. जागा भरली, तर ते सोमवारी कामावर जातील आणि मी पुन्हा अर्ज करणार नाही. कोरी राहिली, तर प्रमाणपत्र रद्द करून व्यायाम पुन्हा सुरू करावेत, ही विनंती.

नम्र आणि नाइलाज झालेली,

(सही)
अर्जदार
शुक्रवार, कार्यालय उघडताना

सोबत :
१) प्रमाणपत्राची प्रत.
२) आधीचे अर्ज व त्यांची उत्तरे.
३) यजमान, स्वतः.

यजमान काय म्हणाले (अधीक्षकांनी स्वहस्ते भरावे) :

..............................................................