वर्कशॉपच्या तासात गणित

बाई,

तुम्ही आमच्या टेक्निकलच्या तासाला पहिल्यांदा आलात, तेव्हा मला तुमचा राग आला होता. तो बरीच वर्षं गेला नाही. तुम्ही असताना हे सांगायची हिंमत झाली नाही. आज शाळेला सुट्टी आहे, घरात कोणी नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

नववीतला मी तुम्हाला आठवणार नाही कदाचित. कोरपन्याच्या सिमेंट गोदामात हमाली करणाऱ्याचा मुलगा, मागच्या बाकावरचा. सहावीपासून गणितात नापास. मराठीच्या तासाला सर उभं करून वाचायला लावत आणि मी अडखळलो की वर्ग हसे. पण मैदानापलीकडच्या टेक्निकलच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलो की मी वेगळा असायचो. कानस कशी धरायची, वेल्डिंग करताना हात किती वेगानं सरकवायचा, हे मला कोणी दोनदा सांगितलं नाही. आठवड्यातले ते चार तास सोडले तर बाकी शाळेत मी नापासच होतो. आणि त्यातल्या दोन तासांना तुम्ही, गणिताच्या बाई, खडू घेऊन आलात. टेक्निकलची पोरं गणितात मार खातात, तेव्हा त्यांच्याच कामातून शिकवून बघू, असं तुम्ही टेक्निकलच्या सरांना म्हटलं आणि ते तयार झाले. आम्हाला कोणी विचारलं नाही.

मी मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, "बाई, इथी फळा नाई."

तुम्ही शेडभर नजर फिरवलीत आणि म्हणालात, "दार आहे ना." दार बंद करून त्या गंजक्या पत्र्यावर तुम्ही लिहायला लागलात. खडू करकरला, पोरं कानावर हात ठेवून हसली. मी हसलो नाही.

त्या वर्षी मुलींच्या पाण्यासाठी पाचशे लिटरची टाकी आली होती आणि तिचा स्टँड आम्हीच करायचा होता. सरांनी तो माझ्यावर सोपवला. शाळेत मला मिळालेलं ते पहिलं मोठं काम. शेडमध्ये पडलेला बारीक लोखंडी अँगल घेऊन मी चार पाय उभे केले, वर चौकट बसवली. जोड इतके साफ आले होते की सर बोट फिरवून बघत राहिले. तेवढ्यात तुम्ही आलात.

"पाणी किती मावते?"

"पाचशे लिटर."

"मंग वजन किती?"

टाकी प्लास्टिकची आहे, हलकी आहे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"एका लिटरचं एक किलो," तुम्ही म्हणालात. "तुहे बाबा गोण्या उचलते ना? पन्नास किलोच्या किती झाल्या?"

"दहा," शेजारचा पटकन म्हणाला. दहा गोण्या म्हणजे काय ते मला त्या वर्गात सगळ्यात जास्त माहीत होतं. दिवसभर गोण्या उतरवून बाप घरी येऊन कसा बसायचा ते मी रोज बघत होतो. तरी हट्टानं म्हणालो, "पेलते बाई."

तुम्ही वाद घातला नाहीत. नव्या खोलीच्या बांधकामावरच्या दोन मजुरांना बोलावलंत आणि त्यांना माझ्या स्टँडवर सिमेंटच्या गोण्या ठेवायला सांगितलंत. सगळ्यांना दूर उभं केलंत. चार गोण्यांपर्यंत काही झालं नाही. पाचवीला वरची चौकट किंचित सरकली. सहावी ठेवून मजूर बाजूला झाले आणि स्टँड एका अंगाला कलायला लागला. धाडकन पडला नाही, हळूहळू झुकत गेला, आणि मग गोण्या घसरून फुटल्या. सगळीकडे राखी धूळ. वर्ग हसला, मराठीच्या तासाला हसायचा तसाच.

तुम्ही पदरानं तोंड पुसलंत. "हात चांगला आहे तुहा. पण वर काय ठेवाचं आहे हे तू विचारलंच नाई. खाली पोरी राह्यल्या असत्या."

चार दिवस मी शाळेत आलो नाही. स्टँड पडला म्हणून मी लाजलो असेन, असं सगळ्यांना वाटलं. बाबांसोबत गोदामात जाऊन बसायचो. त्यांनी 'काऊन, शाळा नाई का?' म्हणून विचारलं नाही. फक्त पाचव्या दिवशी सकाळी म्हणाले, "इथी जागा आहेच, कधीबी ये. पण आज नोको येऊ."

मी शाळेत आलो. वर्गात न जाता सरळ शेडकडे गेलो. आत तुम्ही एकट्याच होतात. पदर खोचलेला, व्हाइसच्या पकडीत माझ्या स्टँडचा वाकलेला पाय, आणि हातात लोखंड कापायचा हॅक्सॉ. घामाघूम झाल्या होतात आणि लोखंडावर नुसते ओरखडे पडत होते. मला बघवेना.

"बाई, ब्लेड उलटं लागलं आहे."

"मंग सांग ना. सुलटं कोणतं?"

"दाते पुढं पाहिजे. ढकलतानी कापते ते, ओढतानी नाई."

तुम्ही हॅक्सॉ माझ्या हातात दिलात. मी ब्लेड फिरवून लावलं. तुम्ही पुन्हा कापायला लागलात आणि कापलं गेलं, तेव्हा एखाद्या पोरीसारख्या खूश झालात. मग म्हणालात, "आता हेच लिहून दे. पाच ओळीत. मी विसरते."

मी पाच ओळी लिहिल्या. तुम्ही लाल पेनानं दोन चुका काढल्यात आणि खाली लिहिलंत, 'समजलं.' मराठीत लिहिलेलं माझं काही कोणाला समजलं, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

नंतर तुम्ही मला पट्ट्यांचे तुकडे खिळ्यांनी जोडून चौकोन आणि त्रिकोण करायला लावलेत. चौकोन हातात डुलत होता, त्रिकोण हलत नव्हता. स्टँडला तिरप्या पट्ट्या हव्या होत्या. त्यांची लांबी मी दोरीनं मोजली, तुम्ही दारावर वर्गमूळ काढलंत, आणि दोन्हींत अर्ध्या सेंटीमीटरचा फरक आला. चूक दोरीची निघाली, ती ताणली गेली होती. जाड अँगलचा दुसरा स्टँड झाला. त्यावर दहा गोण्या राहिल्या. दहावीच्या परीक्षेत मी गणितात काठावर सुटलो.

पुढं चंद्रपूरला आयटीआय केलं, काही वर्षं एका कारखान्यात काढली, मग शाळेत निदेशक, म्हणजे टेक्निकलचा सर, झालो. तुमची बदली गोंडपिपरीला झाल्याचं कळलं होतं. तुम्ही वारल्याचं मात्र महिन्यानं कळलं, एका मित्राच्या फोनवर. तुमच्या घरी जाऊन यावं असं वाटलं, पण गेलो नाही. तुमच्या घरच्यांना मी कोण म्हणून सांगणार होतो?

आता मी गडचिरोलीकडच्या एका शाळेत आहे. तुम्ही जे दारावर करत होतात त्याची आता प्रशिक्षणं होतात, पडद्यावर चित्रं दाखवतात. मीही तसंच शिकवतो. धानाच्या कोठीचं घनफळ, स्विचबोर्डाच्या वायरिंगसोबत विजेचा धडा, केलेल्या कामाचं पाच ओळीत वर्णन. बहुतेक मुलांना उपयोग होतो, हे खरं आहे.

यंदा नववीत एक मुलगी आहे. जंगलातल्या गावची, घरी गोंडी बोलते. सोल्डरिंग करताना तिचा हात जराही हलत नाही. पण मी फळ्याकडे वळलो की ती मान खाली घालते. दिवाळीनंतर ती वर्कशॉपला यायचीच बंद झाली, शाळेत असूनही. मी विचारलं, तर म्हणाली, "सर, मले हा एकच तास येत होता. यातबी तुमी गणित आणलं."

बाई, ते चार दिवस मी लाजेनं गोदामात बसलो नव्हतो. तुम्ही माझी एकुलती एक जागा घेतलीत, याचा तो राग होता. तुम्ही शिकवलंत ते सगळं बरोबर होतं, आणि हेही तितकंच खरं होतं. मी तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही ऐकलं असतंत. मी सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला कळलं नाही.

तेव्हापासून शुक्रवारच्या तासाला मी खडू हातात घेत नाही. ज्याला जे बनवायचं ते त्यानं बनवावं. ती येते. गणित अजून कच्चंच आहे तिचं, पुढं काय होईल सांगता येत नाही.

टाचण वहीत, म्हणजे काय शिकवलं त्याच्या नोंदीत, मात्र शुक्रवारच्या रकान्यात मी दर आठवड्याला 'घनफळ, सराव' असं लिहितो, आणि मुख्याध्यापक सही करतात.