पालथा तांब्या

कुपवाड,
२१ फेब्रुवारी १९९३

पांढरमाळच्या वस्तीतल्या माझ्या आयाबहिणींनो आणि वडीलधाऱ्यांनो,

सप्रेम जयभीम.

हे पत्र माझ्या बहिणीनं, दीपमालानं, विहारात उभं राहून मोठ्यानं वाचावं. मागं बसणाऱ्यांनी पुढं यावं.

उन्हाळा तोंडावर आला. दोन दिवसांआड येणाऱ्या एका टँकरवर तुम्ही एकमेकींच्या झिंज्या धरता, हे मला ठाऊक आहे. जादा टँकरचा अर्ज घेऊन परवा मी जतला तहसिलीत गेलो. तिथल्या कारकुनानं एक्याण्णवच्या शिरगणतीचा कागद पुढं सरकवला. गावाबाहेरील वस्ती, घरं एकोणीस, माणसं एकसष्ट. एकसष्ट माणसांना मिळतंय ते पुष्कळ झालं, असं म्हणून त्यानं पंख्याचं बटण दाबलं.

एकसष्ट! मी बोटांवर मोजलं तरी वस्ती दीडशेच्या आसपास भरते. उरलेले कुठं गेले? शिरगणतीवाला आपल्या उंबऱ्यापर्यंत आला तरी होता का?

सांगलीच्या वाचनालयात शंभर वर्षांपूर्वीचं एक पुस्तक चाळत होतो. त्यात आपलं गाव आहे. विहिरी तीन, देवळं दोन, घरं बावन्न, आणि ओळीच्या शेवटी 'शिवाय गावाबाहेर आठ'. आठ काय? घरं, माणसं की गुरं? लिहिणाऱ्याला सांगावंसं वाटलं नाही. त्या आठांनी गावाचे सांगावे पोचवले, मेलेली जनावरं ओढली. कुणाच्या घरी पोर जन्मलं, कुणाचा म्हातारा गेला, ही वर्दी पाटलाच्या वहीपर्यंत आपल्याच पणज्यांनी नेली. साऱ्या गावाची मोजदाद ज्यांच्या तोंडून झाली, त्यांची कुणी केली नाही. छप्पन साली आपल्या वडिलांनी धम्म घेतला आणि ती कामं टाकली. गावानं विहिरीची वाट बंद केली. म्हणून आपण या माळावर.

तहसिलीत सांगितलंय, घरवार नावांची यादी द्या, माणूस पाठवून पाहणी करू. दीपमाला बालवाडीची वही घेऊन दारोदार येईल. ऊसतोडीला गेलेल्यांचीही नावं तिला सांगा. एकही माणूस सुटता कामा नये.

तुमचाच,
बुद्धभूषण

---

पांढरमाळ,
४ मार्च १९९३

प्रिय दादास,
दीपाचा सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं पत्र वाचलं. मागच्यांना पुढं यायला लागलं नाही, सगळी मिळून सतरा माणसं होती. तुझ्या आवाजात वाचायला गेले तर घसा बसला. तानुबाई म्हणाली की तुझ्या भावाच्या पत्राला बी लाउडस्पीकर लागतोय.

आता रागावू नकोस. शिरगणतीवाले गुरुजी आले होते. उंबऱ्यापर्यंतच काय, आत येऊन घोंगड्यावर बसून आईच्या हातचा चहा पिऊन गेले. आपल्या घरी किती माणसं, असं त्यांनी तीनदा विचारलं आणि आईनं तीनदा सांगितलं की आमी मायलेकी दोघी. आपला प्रशांत आणि स्वप्ना कराडकडं तोडीला होते. त्यांचं नाव तिनं काढलंच नाही. एकोणीस घरांत हेच झालं. फेब्रुवारीत वस्तीत म्हातारी आणि लेकरंच असतात, आणि वाटेवरच्या माणसाची गिणती करायची नाही हे प्रत्येक म्हातारी पाळते. माणूस तोडीला निघाला की त्याचा तांब्या फळीवर पालथा. परत आला की आई तो सुलटा करते, पाण्यानं भरते, आणि मग तो माणूस पुन्हा घरात धरायचा. हे तू लहानपणापासून बघतोस. भाषणं करायला लागल्यापासून विसरलास.

माझी वही कोरी आहे. दगडाबाईनं तर दारच लावून घेतलं. आई नाही म्हटल्यावर बाकीच्या कशाला सांगतील?

एक गोष्ट सांगायची नव्हती, पण सांगते. तू कुपवाडला राहायला गेलास त्याला आठ वर्षं झाली. तुझाही तांब्या फळीवर पालथाच आहे. दिवाळीला चार दिवस तेवढा सुलटा होतो.

प्रशांतच्या पोरीला दात आलेत, असं तिकडून एकानं निरोपात सांगितलं. बाकी ठीक. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
दीपा

---

कुपवाड,
१० मार्च १९९३

तीर्थरूप आईस,
बुद्धभूषणचा सविनय जयभीम.

दीपाचं पत्र वाचलं आणि लेथवर हात चालेना. आई, मी सरकारला शिव्या घालत होतो आणि एकसष्ट हा आकडा माझ्या घरातून निघाला होता! आपण देव नदीत सोडले, अंगारेधुपारे सोडले. मग हा तांब्या कुठून राहिला? प्रशांतचं नाव घेतल्यानं त्याला काय होणार आहे? नाव न घेतल्यानं मात्र काय झालं ते बघ. तुझी सून सात महिन्यांची गरोदर असताना दोन कोस घागर वाहत होती. ते पाणी तू तिच्या तोंडातून काढून घेतलंस.

कठोर लिहितो आहे, पण खरं लिहितो आहे. माणूस असून त्याला नाही म्हणणं ही गावाची रीत आहे. ती आपल्या घरात मला नको. तू सांगितलंस तर एकोणीस घरं सांगतील. दीपाच्या वहीत पहिलं नाव तू घाल. एवढं माझ्यासाठी कर.

तुझा,
भूषण

---

पांढरमाळ,
२१ मार्च १९९३

दादा, आई सांगते तसं लिहिते. मधे माझं काही घातलेलं नाही.

चिरंजीव भूषणास भामाबाईचा आशीर्वाद. तू लय शिकलास, मला समदं पटतंय. पर बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर मी रांगंत हुबी हुते ते तुला आठवतंय का? तू आठ वर्साचा, माझा पदर धरून. माणशी सुकडी वाटत हुते. मुकादमानं इचारलं, घरात किती? तुजा बा यल्लाप्पा तवा काम बघाया मिरजंला गेल्याला. सासू म्हणाली, वाटंवरच्याला धरू नगं. पर एका माणसाची सुकडी जास्त मिळंल म्हणून म्या सांगितलं सहा. नावानिशी सांगितलं. ती सुकडी तुमी पोरांनी खाल्ली. तुजा बा आजून यायचा हाय. इकवीस वर्सं झाली, कुनी मेला म्हणून सांगाया आलं न्हाई, की जित्ता हाय म्हणून बी न्हाई.

ह्यात कायबी खरं न्हाई आसं तू म्हणशील. न्हाई तर न्हाई. पर तुज्या बाचा तांब्या म्या आजून हालवला न्हाई.

सुनंच्या तोंडचं पानी म्या काढलं, ह्ये वाचून दीपी रडली. म्या न्हाई रडले. काल वही पुढ्यात घिऊन बसले आनि नावं सांगितली. भामाबाई, दीपमाला, प्रशांत, स्वप्ना, पोरगी. पाच. तानुबाईनं सांगितली, दगडाबाईनं दार उघडलं. आता तुजं समाधान झालं आसंल. जिवाला जप.

दादा, यादी पूर्ण झाली. एकशे त्रेचाळीस. नावं सांगताना आईचा हात फळीवरच्या तांब्यावर होता.

दीपा

---

पांढरमाळ,
२४ एप्रिल १९९३

प्रिय दादास,
जयभीम.

प्रशांतची माती देऊन तू न जेवताच गेलास. तू गेल्यावर कळलेलं लिहिते. जयंतीला घरी पोचायचं म्हणून सगळ्यांनी घाई केली. दोन ट्रकची माणसं एका ट्रकमध्ये भरली. घाटात वळणावर ट्रक कलंडला तेव्हा प्रशांत टपावर होता, पोरीला स्वप्नाजवळ खाली देऊन नुकताच वर गेला होता. बाकी सगळे वाचले. स्वप्नाचा हात गळ्यात बांधलाय.

आईनं तुला बोल लावलेला नाही. मलाही नाही. परवा स्वप्नाचा आणि पोरीचा तांब्या तिनं सुलटा केला आणि भरला. मधला तसाच ठेवला. मग माझ्याकडं वही मागितली. वाचता येत नाही तरी पान बरोबर काढलं आणि त्या ओळीवर बोट ठेवून किती तरी वेळ बसली.

दगडाबाई म्हणते की यादी जाळून टाका, अजून दोन टोळ्या वाटेवर आहेत. पाहणीचा माणूस सोमवारी दहा मेला येणार, असा तहसिलीतून निरोप आलाय. यादी देऊ की नको? दिली तर एकशे त्रेचाळीसची देऊ की बेचाळीसची? मला हे एकटीला ठरवता येत नाही. तू नेहमी सांगतोस तसं या वेळीही सांग.

दीपा

---

कुपवाड,
३० एप्रिल १९९३

पांढरमाळच्या माझ्या माणसांनो,
जयभीम.

दीपमाला, हेही विहारात वाच. आईला पुढं बसव.

मोठ्या आवाजात लिहायचं बळ आज नाही. आईच्या तोंडून प्रशांतचं नाव मी वदवलं आणि तीन आठवड्यांत तो गेला. तुम्ही काय कुजबुजता ते मला इथं ऐकू येतं. रात्रपाळीत मशीन थांबलं की मीही तेच स्वतःशी बोलतो. आई, तुला समजावायला माझ्याकडं पुस्तकातलं काही उरलं नाही. रांगेत तू सहा म्हणालीस तेव्हा माझी ओंजळ पुढं होती. ती सुकडी गोड लागली होती.

पण एवढं सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या ट्रकमध्ये किती माणसं होती, हे मी मुकादमाला विचारलं. पन्नास असतील, साठ असतील, म्हणाला. कुणी मोजली होती? असा त्यानं मलाच उलट सवाल केला. गाडी भरणाऱ्यानं मोजली नाहीत, चालवणाऱ्यानं नाहीत, नाक्यावर अडवणाऱ्यानं नाहीत. माझा भाऊ वहीतल्या नावानं मेला असं तुम्ही म्हणता. मी म्हणतो, तो त्या बिनमोजल्या ट्रकमध्ये मेला. यातलं काय मानायचं ते तुम्ही ठरवा. मला दुसरं काही मानून जगता येणार नाही.

यादी द्यायची. एकशे बेचाळीस. आपल्याला कुणी खोटं म्हणता कामा नये, म्हणून माझंही नाव त्यात घालू नका. मी कुपवाडात मोजला गेलो आहे. प्रशांतच्या नावावर रेघ आईनं मारावी. तिची इच्छा नसेल तर ती मी येऊन मारीन.

दोन टोळ्या तोवर पोचल्या नाहीत, तरी त्यांना घरात धरा. त्या दिवशी कागद वाचायच्या आधी त्या माणसाला माळावर काही दिसलं पाहिजे. आई, प्रशांतचा आणि बाबांचा तांब्या फळीवर आहे तसाच राहू दे, माझाही. बाकी सगळ्यांनी, दगडाबाई तुम्हीसुद्धा, सोमवारी दहा मेला सकाळी आठ वाजता आपापल्या दारात माणशी एक तांब्या सुलटा मांडा, आणि रिकामाच मांडा.

तुमच्या लोभावर हक्क सांगायला आज जीभ उचलत नाही,
बुद्धभूषण