कोऱ्या मशीनवर

५ जून

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

घरच्या माणसांना हातानेच लिहायचं हा तुझा नियम, म्हणून विषय ऑफिसचा असूनही हे पत्र.

तुझ्या सर्व्हरच्या पुस्तकाची प्रूफं माझ्याच टेबलावर आली. संपादकबाई म्हणाल्या, मामाचं पुस्तक, भाची तपासणार, म्हणजे घरचंच कार्य. आमच्याकडे छापण्याआधी पुस्तकातली प्रत्येक कमांड कोऱ्या मशीनवर चालवून बघतात. सहा प्रकरणं सुरळीत गेली. सातव्यात तू लिहितोस, की पुसण्याची कमांड द्या, मशीन एकेक फाइल दाखवून पुसू का विचारेल, हवी असेल तिला नाही म्हणा. मी कमांड दिली. मशीनने काहीच विचारलं नाही आणि सगळ्या फाइली गेल्या.

मग लक्षात आलं. विचारण्याची ती सोय तूच फार पूर्वी तुझ्या मशीनवर करून ठेवली आहेस. मी शाळेच्याही आधी शिकले ते तुझ्या खोलीत, त्याच मशीनवर. त्यामुळे वाचताना मलाही काही खटकलं नव्हतं. पण एखादी नवखी मुलगी पुस्तक उघडून ऑफिसच्या सर्व्हरवर हेच करेल, आणि नोकरी घालवून बसेल.

महिनाअखेरीस पुस्तक छापखान्यात जातं. बाईंना अजून बोलले नाही. आधी तुला सांगावंसं वाटलं. राग मानू नकोस. मामीला नमस्कार. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहावा.

तुझी भाची

९ जून

चि. शंकासुरास,
अ. आ.

तुझ्या जन्माआधीपासून मी ही कमांड देतो आहे, आणि मशीनने दर वेळी विचारलं आहे. तुमच्या ऑफिसातल्या मशीनला जरा रीतभात शिकवा. कुलूप लावून तीनदा ओढून बघायची तुझी सवय गेलेली दिसत नाही. मामी हसते आहे. म्हणते, गुरूची विद्या गुरूला फळली. प्रकरण आहे तसंच जाऊ दे.

मामा

१२ जून

ती. मामास,
शि. सा. न.

कुलूप ओढते हे खरं. एकदा ते उघडं निघालं होतं, तेवढं तू गाळलंस.

आणखी दोन कोऱ्या मशीनवर करून पाहिलं. एकानेही विचारलं नाही. प्रकरण आहे तसं जाऊ देणं मला जमणार नाही; पुढच्या आठवड्यात बाईंना सांगावंच लागेल. मला सगळं शिकवणाऱ्याची चूक दुसऱ्याला सांगायची, या विचाराने दोन दिवस जेवण गेलेलं नाही. एकदा मामीच्या नव्या लॅपटॉपवर करून बघ. आधी तिच्या फाइलींची कॉपी मात्र काढून ठेव. उत्तर रागाचं असलं तरी पाठव.

तुझी भाची

१५ जून

चि. शंकासुरास,
अ. आ.

मामीच्या लॅपटॉपवर कमांड दिली. तिचे सगळे फोटो डोळ्यांदेखत गेले. ती शांतपणे म्हणाली, मशीनने विचारलं नाही ते ठीक, पण तुम्ही तरी मला विचारायचं. कॉपी होती म्हणून घरात जागा राहिली. तू बजावलंस म्हणून काढली, नाहीतर मशीन विचारणारच या भरवशावर मी होतो.

सातवं प्रकरण नव्याने लिहून सोबत पाठवतो आहे. बाईंना तू काही सांगायला नको. मीच फोन करून सांगितलं, की चूक माझी आणि पकडली भाचीने. आता नीट जेव.

उरलेली प्रकरणंही अशीच तपास. तेवढा वेळ मी कोणाचा मामा नाही. रुसायचंच झालं तर नंतर, मामा म्हणून रुसेन.

मामीचे आशीर्वाद.

मामा