बधिर पायांची सल्लागार

४ जुलै
आजपासून रोजनिशी. मी सांगायची, सून कावेरीनं लिहायची. तिला बजावलं, हात तुझा, डोकं माझं. लिहून झालं की विसरून जायचं. बरं आत्या, म्हणाली. म्हणजे हे माझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

कारण मोठं आहे. शहरातल्या एका संशोधन संस्थेची रोहिणी मॅडम दुकानावर आली होती. साखरेच्या आजारानं पाय बधिर होतात, काही टोचलं तरी कळत नाही, जखम चिघळते. अशा पायांसाठी त्यांनी लॅबमध्ये मऊ चप्पल तयार केली आहे. ती आता गावात वापरून बघायची. याला ट्रान्सलेशनल रिसर्च म्हणतात. लॅबमधलं लोकांच्या पायापर्यंत आणायचं. म्हटलं, समजलं. गेवराईच्या मोंढ्यातून माल आणायचा अन् गावात खपवायचा. आमच्या घरात हे तीन पिढ्या चाललंय. मॅडम हसली. अगदी तसंच आजी, म्हणाली.

गावातून एक समुदाय सल्लागार हवी होती. मला नेमलं. अनुभव बघितला असणार. माझा मुलगा केदारनाथ म्हणतो, आई, आपला ओटा मोठा हाय, वर पत्रा हाय, बायांना बसायला सावली हाय, म्हणून तुला घेतलं. पोरगा बापावर गेला.

७ जुलै
ओट्यावर पाय तपासणी. संस्थेचा एक ब्रदर आला होता. डोळे मिटायचे, तो तळव्याला नायलॉनचा धागा टेकवणार, लागला की लागलं म्हणायचं. मला एकदाही लागला नाही. धागा जुना होता. रक्तातली साखर लई निघाली म्हणे. मशीन उन्हात ठेवलेलं होतं, मी स्वतः बघितलं.

माझी मैत्रीण भामाबाई, धनगराची, हिलाही धागा लागला नाही. तिचं वेगळं आहे. जन्मभर शेळ्यांमागं फिरून तिचे पाय निबर झालेत. आमची घराणी दुकानदारीतली, पाय नाजूक.

१९ जुलै
बीडला ट्रेनिंग. हॉटेलात एसी इतका की डोक्यावरून पदर काढवेना. टेबलावर बिस्किटं, प्रत्येकाला पेन. मलाही दिलं. घेतलं.

एका साहेबांनी तासभर भाषण केलं, समाजाचं ऐकून कसं घ्यावं. कुणाला मध्ये बोलू दिलं नाही. दुसऱ्यानं भिंतीवर चित्रं दाखवली. फंडिंग वरून येतं, संस्था चप्पल देते, विद्यापीठ अभ्यास करतं, गाव सहभाग देतं. बाणांच्या शेवटी लुगड्यातली एक बाई काढली होती. ती मीच. डोळा लागला तेवढ्यात चहा आला. साखरेचा होता. एकच घेतला, नंतर परत एकच.

सर्टिफिकेट मिळालं. दुकानात गुळाच्या ढेपांवर लावलंय, येणाऱ्याला दिसावं.

२ ऑगस्ट
चपला वाटल्या. मॅडम म्हणाली, आज्यांनो, दिवसभर घालायच्या. ओट्यावरच्या सगळ्या बाया म्हणाल्या, हो मॅडम. घरातसुद्धा. हो मॅडम. मी सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हटलं. सल्लागार आहे.

एकटी भामाबाई म्हणाली, घरात बी? चुलीपाशी बी? मॅडम म्हणाली, घरातच जास्त मावशी, तुमचं दिवसाचं चालणं तिथंच होतं. भामाबाई म्हणाली, बरं मंग.

तिला बाजूला घेतलं. भामे, हे हो म्हणायचं असतं, करायचं नसतं. घरात इष्टलिंगाची पूजा, स्वयंपाक, पाणी. तिथं चामडं पायात घालून हिंडायचं का? ती म्हणाली, रबर हाय. म्हटलं, चप्पल ती चप्पल. ती म्हणाली, जगदेवी, मंग मॅडमला सांगायचं व्हतं की. म्हटलं, मोठ्या माणसांना मध्येच टोकायचं नसतं. ट्रेनिंगमध्ये शिकवलंय.

माझी जोडी पिशवीसकट दुकानात खिळ्याला टांगली. कार्तिकात कपिलधारच्या यात्रेला घालीन. चांगली वस्तू अशी रोज वापरून घालवायची नसते. आमच्यात कुणी घालवत नाही. आळीत चौकशी केली, सगळ्यांच्या जोड्या नव्या कोऱ्या आहेत. गावाला शिस्त आहे.

कावेरी म्हणते, आत्या, घाला की. म्हटलं, तू लिही.

१७ ऑगस्ट
मॅडमचा फोन. आजी, घालता ना? म्हटलं, अगदी. खोटं नाही. परवा घालून ओट्यावरून बोअरच्या पंपापर्यंत गेले होते, आल्यावर पुसून परत टांगली. मनातून तर रोज घालते.

एका गिऱ्हाईकानं खिळ्यावरच्या चपलेचा भाव विचारला. केदारनाथ सांगायला निघाला होता. हाग्या दम दिला.

३ सप्टेंबर
परत पाय तपासणी. ब्रदर आला नाही, त्याचं फंडिंग अडकलं. मॅडम स्वतः धागा घेऊन बसली. तिचं लग्न नवीन, हातभर काचेच्या बांगड्या. मी डोळे मिटले. आधी काहीच कळेना. मग लक्षात आलं, ती पायाशी हात नेते तेव्हा किणकिण होते. किण झालं की म्हणायचं, लागलं. सगळ्या वेळा बरोबर आलं. मॅडमच्या डोळ्यांत पाणी. आजी, तुमच्या पायात जीव आला, म्हणाली.

यात लबाडी नाही. पायाला नसेल कळत तर कानानं मदत करावी. एकाच अंगाचे अवयव.

बाकीच्यांची तपासणी उद्या. रात्री जेवणं झाल्यावर शेजारणी बोलावल्या. ट्रेनिंग द्यायचं माझं कामच आहे.

४ सप्टेंबर
आमची आळी पास. शेजारची छबुबाई तर किण व्हायच्या आधीच लागलं म्हणाली, तिला डोळ्यानं दटावलं.

भामाबाई नापास. काल तिला सगळं शिकवलं होतं. मॅडमपुढं बसून म्हणाली, मला काय बी कळंना बाई, बांगड्या तेवढ्या ऐकू येत्यात. मॅडमला वाटलं, कौतुक करतेय. हसून तिनं हात दाखवला, मावशी, माहेरच्या आहेत. वरून भामाबाईच्या टाचेला भेग सापडली. चप्पल बघवत नव्हती, लेंडीचा वास, एक पट्टा शेळीनं चघळलेला. इतक्या शिकलेल्या माणसांपुढं अशी चप्पल काढतात का? मॅडमनं तिला बीडला दवाखान्यात धाडलं. आठवडा जाईल म्हणतात. नापास झाल्यावर शिक्षा व्हायचीच. मला वाईट वाटलं. थोडं.

२२ सप्टेंबर
रोहिणी मॅडम इतकी आनंदली आहे की तिनंच पेढे आणले. चपलेनं पाय जागे झाले असा निकाल कुठंच आला नव्हता, फक्त आमच्या गावात आला. रिपोर्ट वर गेला. पैसे देणारे स्वतः बघायला येणार. दुसरा टप्पा मंजूर झाला की पार कडा गावापर्यंत ठिकठिकाणी चपला. रोहिणी मॅडमची नोकरी पक्की होणार. आजी, हे तुमच्यामुळं, म्हणाली. म्हटलं, मी काय, निमित्त.

पेढा अर्धाच खाल्ला. दुसरा अर्धा निराळा खाल्ला.

कावेरीला स्वयंपाकघराच्या फरशीवर तांबडे डाग दिसले. आत्या, पाय दावा. म्हटलं, मांजरानं उंदीर मारला असंल. पाय काय दावायचे, सासूचे.

८ ऑक्टोबर
दुकानात कुजका वास. केदारनाथला गोदाम रिकामं करायला लावलं. पोती हलवली, डबे हलवले. काही सापडलं नाही. त्याला धड शोधता येत नाही. मी बसते त्या कोपऱ्यात वास जास्त येतो असं तो म्हणाला. बोलण्याची रीत राहिली नाही पोरांना.

डावा पाय जरा भरल्यासारखा. मोजे घालते आहे. पाहुणे यायचे, पाय झाकलेले बरे.

१५ ऑक्टोबर
पाहुणे आले. दुकानासमोर फ्लेक्स, त्यावर माझा फोटो मॅडमपेक्षा मोठा. पैसे देणाऱ्यांकडून एक म्हातारे डॉक्टर आले होते, पांढरा शर्ट, कमी बोलणारे. हार घातला. हार बाजूला ठेवून म्हणाले, मीच एकदा तपासतो.

पहिली मी. मोजा काढा म्हणाले तर उजव्याचा काढला. डोळे मिटले. गडी माणूस, हातात घड्याळसुद्धा नाही. मी बसले वाट बघत. ओट्यावर माशी घोंगावायची तेवढीच ऐकू यायची. शेवटी मीच विचारलं, साहेब, कधी सुरू करायचं? ते म्हणाले, झालं सुद्धा, आजी.

मग छबुबाई. मग तिची जाऊ. एकीलाही कळेना. डॉक्टर रोहिणी मॅडमकडं बघायला लागले. मॅडम म्हणाली, सर, मागच्या महिन्यात सगळ्यांना कळत होतं. तेवढ्यात छबुबाई म्हणाली, साहेब, तुमी हातात बांगड्या घाला की, मंग सांगतो.

मॅडमनं आपल्या हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं.

डॉक्टरांनी चपला मागितल्या. केदारनाथनं खिळ्यावरची पिशवी काढून दिली. त्यांनी जोडी उलटी केली, तळ हातानं पुसून बघितला. बोटाला काही लागलं नाही. बाकीच्या बायांनीही घरून आपापल्या जोड्या आणल्या, कुणी कोऱ्या पिशवीत, कुणी फडक्यात. भामाबाईची तेवढी पायात होती, तिचा वास ओट्याखालून येत होता.

मग म्हणाले, दुसरा मोजा. म्हटलं, तो राहू द्या, थंडी वाजते. कावेरीनं खाली बसून ओढला.

करंगळी काळी होती. मला कुठं माहीत. दुखलंच नव्हतं कधी.

मॅडमनं तोंडावर पदर धरला. दुकानातला वास तिथून येत होता.

२१ ऑक्टोबर
बीड, दवाखाना. लक्ष्मीपूजन खाटेवर. करंगळी काढली. तसं तिचं काही काम नव्हतं. चार आहेत अजून. डॉक्टर म्हणतात, आठवडाभर आधी दाखवली असती तर वाचली असती. असं सगळेच नंतर म्हणतात.

भामाबाई बघायला आली, शेळीच्या दुधाची किटली घेऊन. तिची टाच भरून आली आहे. तिला लवकर धाडलं ना, म्हणून. म्हटलं, नापास होण्यातही नशीब लागतं. ती म्हणाली, जगदेवी, आता तरी गप बस. दूध दिलं. बिनसाखरेचं.

५ नोव्हेंबर
घरी. आज कपिलधारची यात्रा. आळीतल्या बाया जीप करून गेल्या. कावेरी माझ्यापायी राहिली. मी राहा म्हटलं नव्हतं, ती आपणहून राहिली, तरी तोंड करते.

रोहिणी मॅडम आली, हातात काही नाही, पिशवी नाही, पेढे नाहीत. दुसऱ्या टप्प्याचे पैसे थांबले. रिपोर्ट परत घ्यावा लागला. वर तिला फार बोलले. ती जमिनीवर बसली आणि पहिल्यांदाच विचारलं, आजी, घरात चप्पल घालायला नेमकी अडचण काय होती?

मी सांगायला सुरुवात केली तोवर कावेरीच बोलायला लागली. पूजा, शिवाशिव, पाण्याची घागर, सासू, शेजारणी, चुलीपुढं चप्पल दिसली तर आळी काय म्हणंल. मॅडम ऐकत राहिली. उठताना म्हणाली, हे जुलैत विचारायला पाहिजे होतं. म्हटलं, मी होते ना सल्लागार.

घरात वापरायची निराळी चप्पल करता येईल का यावर संस्था वर्कशॉप घेणार. त्याच हॉटेलात. म्हटलं, मला प्रवास झेपायचा नाही. तर गावातून भामाबाईला बोलावलंय. हा निर्णय घेताना माझी तब्येत बघितली असणार.

१४ नोव्हेंबर
सकाळी मॅडमचा फोन. आजी, दुसरा पाय रोज बघता ना? म्हटलं, ठणठणीत आहे. आता या पायाची उगाच चर्चा नको. एकदा झाली तेवढी पुरे. लोक दुकानात तेल घ्यायला येतात अन् माझी करंगळी विचारतात.

आपलं आपल्यापुरतं सांगते. पूजेला बसताना उजव्या टाचेत खिळा दिसला, खोक्याचा, डोक्यापर्यंत आत गेलेला. कधी घुसला कोण जाणे. दुकानातली पक्कड घेऊन मीच काढला. दुखलं नाही. हळद भरली, चिंधी बांधली, वर मोजा चढवला. कुणाला पत्ता नाही आणि लागायचाही नाही.

कावेरी लिहायची थांबली. आत्या, मोजा काढा. म्हटलं, तू लिही. ती म्हणाली, लिवलं. आता काढा. म्हटलं, अगं हे रोजनिशीतलं आहे, तुला ठरल्याप्रमाणं विसरायचंय. ती ओरडली, अहो, गाडी काढा. केदारनाथ गिऱ्हाईक सोडून धावला.

पुढचं गाडीत सांगते आहे. बीडचा रस्ता, अक्षर वाकडं येतंय म्हणते. माझे पाय तिच्या मांडीवर. म्हटलं, वही टेकवायला काही घे. ती म्हणाली, घेतलंय की आत्या, मघापासून तुमच्या पावलावरच ठेवून लिवतेय.

मला कुठं कळतंय.